राणीवशाचें राजकारण : रतनकुंवर आणि बाकाबाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत काळी मारबत निघते आणि त्याच दिवशीं पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रांत गोटमार होते. रोगराई आणि इडापिडा घेऊन जा, असें ओरडत नागपूरचे लोक एका काळ्या स्त्रीप्रतिमेची शहरभर मिरवणूक काढतात आणि शेवटीं ती जाळून टाकतात. इकडे पांढुर्णे आणि सावरगांव या दोन गांवांचे लोक नदीच्या दोन तीरांवर उभे राहून परस्परांवर दगड फेकतात, आणि त्याचें कारण म्हणून पळून गेलेल्या एका मुलीची कथा सांगतात. दोन्ही उत्सवांच्या मध्यभागीं एक स्त्री आहे. गोटमारीच्या कथेंतील मुलीला नांव उरलेलें नाहीं. नागपूरच्या प्रतिमेला मात्र लोकांनीं नांव दिलें आहे, आणि तें भोसल्यांच्या बाकाबाईचें आहे.

कोणी ती प्रतिमा पूतनेची मानतात; परंतु १८८१ पासून चालत आलेली ही काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली राणी, असें सांगणारेच अधिक भेटतात. एखाद्या राणीच्या राजकारणाचा निकाल लोकांनीं द्यावा, आणि तो दरवर्षीं नव्यानें अंमलांत आणावा, असा प्रकार आमच्या इतिहासांत विरळा आहे. या निकालाची फेरतपासणी करावी, असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस होतें.

तिला जामसांवलीसारखें दुसरें स्थळ नाहीं. पांढुर्ण्याहून वाहत येणारी जाम नदी सौंसर तहसिलींतील या गांवापाशीं येते. येथील मारुती उभा नाहीं, तो पहुडलेला आहे. आणि त्याच्या दर्शनास शनिवारीं-मंगळवारीं नागपुराकडून माणसांची रीघ लागते. १९५६ सालीं विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यांत गेले आणि हा मुलूख मध्यप्रदेशांत राहिला. २०२३ सालीं पांढुर्णे व सौंसर या दोन तहसिलींचा मिळून एक स्वतंत्र जिल्हाहि झाला. पण देवळाच्या पायरीवर बसून कान दिला, तर सरहद्द कोठें लागली हें बोलण्यावरून सांगतां येत नाहीं. येथून उत्तरेस घाट चढून गेलें कीं गोंडांचा देवगड लागतो. दक्षिणेस सावनेरच्या वाटेनें गेलें कीं भोसल्यांचें नागपूर. या दोन राजधान्यांच्या मधला हा घाटाखालचा प्रदेश. येथें मराठ्यांचें राज्य आलें तें एका राणीच्या निमंत्रणावरून, आणि तें गेलें तेव्हां शेवटची झुंज एका राणीच्या वाड्यांत झाली. या दोन टोकांमधील एक शतकाहून अधिक काळ आम्हांस येथें पाहावयाचा आहे.

देवगडचा राजा बख्त बुलंद यानें औरंगजेबाच्या काळीं इस्लामचा स्वीकार केला, राज्य घाटाखालीं वाढविलें, ठिकठिकाणचे उद्योगी लोक आणून वसविले आणि १७०२ च्या सुमारास नागपूर शहराचा पाया घातला. त्याचा मुलगा चांद सुलतान यानें राजधानीच नागपुरास आणली आणि शहराला तट बांधला. तेव्हां या खोऱ्यांत जें कांहीं वसलें, तें सगळें भोसल्यांनींच वसविलें, असें समजणें गोंडराजांवर अन्याय करणारें होईल. नांगर आधींच आला होता. मोडी दफ्तर मागाहून आलें.

चांद सुलतान वारला आणि घरांत तंटा लागला. बख्त बुलंदाचा एक अनौरस मुलगा वली शाह यानें गादी बळकावली आणि खऱ्या वारसाचा जीव घेतला. चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिच्या पदरीं बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह असे दोन मुलगे होते. आज एका वारसाचा प्राण गेला होता, उद्यां या दोघांवर पाळी होती. तिनें वऱ्हाडांत असलेल्या रघूजी भोसल्याकडे मदतीची मागणी केली. रघूजी आला, वली शाहाचा मोड झाला, राणीचे मुलगे गादीवर बसले. हें सर्व १७३८-३९ च्या सुमारास घडलें.

यापुढील गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. राणीनें रघूजीला आपला तिसरा पुत्र मानलें आणि राज्याचा तिसरा हिस्सा त्याला दिला, अशी परंपरा आहे. वरवर पाहतां ही निव्वळ कृतज्ञतेची गोष्ट दिसते. पण या व्यवहाराची भाषा बारकाईनें पाहावी. परक्या सरदाराला मदतीबद्दल मुलूख तोडून दिला असता, तर ती खंडणी झाली असती. गोंडराजाचें उणेपण त्यांत उघड झालें असतें, आणि आज एकाला दिलेला मुलूख उद्यां दुसऱ्यानेंहि मागितला असता. पुत्राला दिलेला भाग ही वांटणी होते. घरांतल्या घरांत झालेल्या वांटणीला कोणी पराभव म्हणत नाहीं. शिवाय पुत्राला आईच्या घरांत तरवार उपसून येतां येत नाहीं, निदान लोकलाज तरी आडवी येते. फौज नसलेल्या, खजिन्यावर पूर्ण हात नसलेल्या राणीजवळ देण्यासारखें एकच होतें, आणि तें म्हणजे नातें. तें तिनें दिलें, आणि त्याच्या मोबदल्यांत दोन मुलांचे प्राण व एक गादी मिळविली. मुत्सद्देगिरी म्हणतात ती यापेक्षां निराळी काय असते?

त्या नात्याच्या पोटांत धोकाहि होता. तिसऱ्या मुलाला हिस्सा आहे, तर घरच्या भांडणांत बोलण्याचा हक्कहि आहे. पुढें बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह या भावांतच बिनसलें. बुऱ्हाण शाहानें रघूजीला पुन्हा बोलाविलें, अकबर शाहाला देशोधडीस लागावें लागलें, आणि १७४३ पर्यंत बुऱ्हाण शाह हा नांवाचा राजा व नेमणुकीचा धनी होऊन राहिला. सत्ता सगळी रघूजीच्या हातीं गेली. परंतु गोंडराजाचें नांव व मान त्यानें पुसून टाकला नाहीं. त्याचे वंशज नागपुरांत आपल्या किल्ल्यांत राहत आले. तिसऱ्या पुत्रानें वडील भावांना घराबाहेर काढलें नाहीं, एवढें तरी राणीच्या शब्दाचें फळ मानावें लागेल.

नात्याच्या धाग्यानें राज्याचे व्यवहार शिवणें ही केवळ आपल्याकडची तऱ्हा नाहीं. १५२९ सालीं फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि सम्राट पांचवा चार्लस यांच्यामधील युद्ध अशा जागीं येऊन ठेपलें होतें कीं, दोघांपैकीं कोणालाहि आधीं तहाचा शब्द काढणें कमीपणाचें वाटे. तेव्हां फ्रान्सिसची आई लुईझ आणि चार्लसची आत्या मार्गारेट या दोघी कांब्रे येथें भेटल्या आणि त्यांनीं तह जुळविला. मार्गारेट ही लुईझच्या दिवंगत भावाची बायको. म्हणजे आपल्या भाषेंत त्या नणंदा-भावजया होत्या. युरोपच्या इतिहासांत या तहाला बायकांचा तह असेंच नांव पडलें आहे. पुरुषांचा मान जेथें अडतो, तेथून बायकांचें नातें वाट काढतें, हा अनुभव कांब्रेचा आहे आणि देवगडचाहि आहे. फरक इतकाच कीं, मार्गारेटची पत्रें, हिशेब आणि चित्रें युरोपांत जपून ठेवलेलीं आहेत. रतनकुंवर आपल्याला भेटते ती मात्र मुख्यतः भोसल्यांच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणांत, आणि तेंहि रघूजी आला कसा हें सांगण्यापुरती.

दुसरी एक गोष्ट युरोपच्या इतिहासावरून ध्यानांत येते. फ्रान्समध्यें स्त्रीला गादी मिळत नसे. तरीहि अल्पवयी राजाची पालक म्हणून राजमाता नेमण्याचा प्रघात तेथें पडला. नववा चार्लस १५६० सालीं दहा वर्षांचा असतां गादीवर आला, तेव्हां राज्याचीं सूत्रें त्याची आई कॅथरीन द मेदिची हिनें घेतलीं. चौदाव्या लुईच्या लहानपणीं, म्हणजे १६४३ पासून, त्याची आई ॲन हिनें घेतलीं. हें विसंगत वाटेल, पण त्यांत एक साधें व्यवहारज्ञान आहे. चुलता पालक झाला तर तो वारसहि असतो. मूल मेलें तर त्याचा लाभ होतो. आईला गादी मिळणारच नाहीं, म्हणून मूल जगण्यांतच तिचा सगळा लाभ. जिला गादीचा हक्क नाहीं, तिच्याच हातीं गादी निर्धास्तपणें सोंपवितां येते.

नागपूरकर भोसल्यांच्या घरांत या नियमाचा प्रत्यय दोन्ही बाजूंनीं आला. जानोजी १७७२ सालीं निपुत्रिक वारला. त्यानें भाऊ मुधोजीचा मुलगा रघूजी याला वारस ठरविलें होतें. मुधोजी आणि साबाजी या भावांत कारभारासाठीं जी चुरस लागली, तींत जानोजीची विधवा दर्याबाई ही साबाजीच्या बाजूस होती. १७७५ च्या जानेवारींत पांचगांवच्या लढाईंत मुधोजीच्या गोळीनें साबाजी मेला आणि तो प्रश्न मिटला. छत्तिसगडांत बिंबाजी भोसले १७८७ सालीं वारल्यावर त्याची विधवा आनंदीबाई हिचा शब्द रतनपुरास पुढें कित्येक वर्षें चालला. या दोघींविषयीं अधिक विस्तार न करतां आम्ही बाकाबाईकडे वळतों, कारण खरी फिर्याद तिच्यावर आहे.

दुसरा रघूजी मार्च १८१६ मध्यें वारला. बाकाबाई ही त्याची मर्जींतली राणी. गादीचा वारस मुलगा परसोजी हा आंधळा व पंगू. त्याला स्वतः राज्य चालविणें शक्यच नव्हतें. तेव्हां प्रश्न एकच होता : परसोजी कोणाच्या ताब्यांत राहावयाचा? एका बाजूला बाकाबाई आणि खजिना व राजवाडा संभाळणारा धर्माजी भोसले. दुसऱ्या बाजूला रघूजीचा पुतण्या मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. आप्पासाहेबानें एप्रिलमध्यें धर्माजीला कैद केलें, पुढें तो कैदेंतच मारला गेला, आणि राजा आप्पासाहेबाच्या हातीं आला. मे महिन्यांत इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह झाला. या तहावर सही करून घेणारा आप्पासाहेब होता, बाकाबाई नव्हे. इंग्रजांना नागपुरांत आणल्याचें पाप तिच्या माथीं मारणाऱ्यांनीं एवढी तारीख तरी पाहावी.

१ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजीचा मृत्यु झाला. तो खून होता, हें मागाहून उघडकीस आलें. त्याची पत्नी काशीबाई सती गेली. वारस असलेल्या पालकाच्या हातीं राजा दिला तर काय होतें, हें एका वर्षाच्या आंत सिद्ध झालें. बाकाबाईनें तें आपल्या वाड्यांतच, आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. पुढें आप्पासाहेब इंग्रजांवर उलटला, नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीची लढाई झाली, तो हरला, पकडला गेला आणि मे १८१८ मध्यें वाटेंतून निसटून महादेवाच्या डोंगरांत शिरला. आप्पासाहेबाचें स्वातंत्र्यप्रेम आम्हीं नाकारीत नाहीं. पण बाकाबाईला तो प्रथम दिसला तो परसोजीचा मारेकरी म्हणून. हें विसरून तिच्या पुढल्या वागण्याचा अर्थ लागणार नाहीं.

१८१८ च्या जूनमध्यें दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा, परसोजीची विधवा दुर्गाबाई हिच्या मांडीवर दत्तक देऊन, तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविण्यांत आला. मूल तेव्हां दहा वर्षांचें होतें. पालक नेमली गेली बाकाबाई. प्रत्यक्ष कारभार रेसिडेंट जेंकिन्स पाहत असे. राजाची व राजवाड्याची व्यवस्था आणि घराण्याची प्रतिष्ठा राणीनें पाहावी, अशी वांटणी होती. हा अधिकार थोडका होता, यांत शंका नाहीं. पण मूल जगलें, वयांत आलें, १८२६ च्या तहानंतर त्याच्या हातीं क्रमाक्रमानें कारभार आला आणि त्यानें १८५३ पर्यंत राज्य केलें. पांच पिढ्यांच्या त्या घराण्यांत पालकाच्या हाताखालीं सुखरूप वाढलेला राजा म्हणून त्याचें उदाहरण देतां येतें.

तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारला. त्याला मूल नव्हतें आणि त्यानें दत्तकहि घेतला नव्हता. झांशीचे गंगाधरराव त्याच्या आधीं वीसच दिवस, २१ नोव्हेंबरला वारले होते. तेथें दत्तक झालेला होता, येथें व्हावयाचा होता. डलहौसीनें दोन्ही राज्यें खालसा केलीं. नागपूरच्या राण्यांची बाजू कायद्यानें लंगडी नव्हती. १८१८ सालीं याच घराण्यांत राजाच्या मृत्यूनंतर विधवेनें दत्तक घेतला होता, आणि तो खुद्द इंग्रजांच्या संमतीनें. रेसिडेंट मॅन्सेल याचेंहि मत घराणें अजीबात बुडवावें असें नव्हतें. तें जुमानलें गेलें नाहीं. अहिरराव घराण्यांतील यशवंतराव या मुलाला दत्तक घेऊन जानोजी हें नांव देण्याचा राण्यांचा बेत सरकारनें मानला नाहीं.

मग १८५४ सालीं तें घडलें, जें नागपूर अनेक वर्षें विसरलें नाहीं. राजवाड्यांतील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलांवांत मातीमोलानें विकले गेले. घरांतील सामानाची आणि राण्यांच्या जवाहिराची पाळी आली, तेव्हां वृद्ध बाकाबाईनें निरोप पाठविला कीं, सामान बाहेर काढाल तर वाड्याला आग लावीन. इंग्रज ग्रंथकारांनींच ही हकीकत नोंदविली आहे. सामान निघालें; जवाहीर कलकत्त्याच्या बाजारीं विकावयास गेलें. वाड्याला आग लागली नाहीं. जी स्त्री इतकीं वर्षें या घराची राखण करीत आली, तिच्या तोंडून तें जाळण्याची भाषा निघाली, यावरून त्या दिवसांची कल्पना करावी.

तीन वर्षांनीं १८५७ आलें. १३ जूनच्या रात्रीं टाकळीच्या घोडदळानें नागपुरांत उठावाचा बेत केला होता, तो फुटला. कामठीच्या मद्रासी पलटणी इंग्रजांच्या बाजूस राहिल्या. भोसल्यांच्या पदरच्या लोकांनीं उठूं नये, म्हणून बाकाबाईनें आपलें वजन खर्च केलें, आणि त्याबद्दल इंग्रजांनीं तिची वाखाणणी केली. आरोप आहे तो हा. वस्तुस्थिति म्हणून तो खरा आहे, आणि आम्ही तो झांकूं इच्छीत नाहीं. वाड्याची विटंबना झालेली राणी त्याच सरकारच्या उपयोगी पडली, हें वाचतांना आजहि मन खट्टू होतें.

पण दोन गोष्टी विचारावयास हव्यात. पहिली ही कीं, नागपुरांत त्या वेळीं भोसल्यांचे मानकरी, सरदार, जहागीरदार पुष्कळ होते. त्यांच्यापैकीं बहुतेक स्वस्थ बसले. त्यांची मारबत कोणी काढली नाहीं. एक ऐंशीच्या घरांतील विधवा जर सगळ्या शहराला आवरूं शकली, तर तिचें वजन केवढें होतें, आणि न आवरतां जे आवरले गेले त्यांचें केवढें होतें? दुसरी गोष्ट अशी कीं, परकी फौज घरांत बोलावणारी रतनकुंवर हिची प्रतिमा कोणी जाळीत नाहीं. तिनें बोलाविलेल्यांचें राज्य झालें, त्यांच्याच घरांत पुढें बखरी लिहिल्या गेल्या, आणि त्या बखरींना तिच्याबद्दल तक्रार असण्याचें कारण नव्हतें. गोंडांनीं बखर लिहिली असती तर त्यांत काय आलें असतें, याचा तर्क वाचकांनीं करावा.

झांशीशीं तुलना टळत नाहीं. दोन्ही राण्यांचें दुःख एकच, सालहि एकच. लक्ष्मीबाई तिशीच्या आंतल्या, हातांत किल्ला, पाठीशीं पलटणी. त्या लढल्या आणि जून १८५८ मध्यें ग्वाल्हेरीस पडल्या. त्यांच्या थोरवीला आमच्या बोलण्यानें उणेपणा येत नाहीं. पण आपली भाषाच कशी बोलते तें पाहावें. लक्ष्मीबाई पडल्या, असें आपण म्हणतों; आणि बाकाबाई इंग्रजांना मिळाली, असें म्हणतों. आदरार्थी अनेकवचन एकीला, एकवचन दुसरीला. आम्हींहि या लेखांत येथवर तेंच केलें आहे, आणि लिहितांना तें आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

बाकाबाईंजवळ किल्ला नव्हता. सीताबर्डीचा टेकडीवरचा किल्ला इंग्रजांच्या हातीं होता, आणि तो कसा गेला तें त्यांनीं चाळीस वर्षांपूर्वीं पाहिलें होतें. त्यांच्यापाशीं उरलें होतें तें रतनकुंवर हिच्यापाशीं होतें तेंच : एक मूल, आणि त्या मुलाचें नातें कोणाकडून तरी कबूल करून घेण्याची खटपट. राज्य परत मिळेल असें त्यांना वाटत असावें, असें आम्हांस वाटत नाहीं. घराण्याचें नांव चालावें, यशवंतरावाला जानोजी म्हणून मान्यता मिळावी, एवढ्यासाठीं त्यांनीं आपली सर्व पुण्याई पणाला लावली, आणि बदनामीहि पत्करली. ती किंमत भारी होती कीं वाजवी, याचा हिशेब भोसल्यांच्या वंशजांनीं एक करावा आणि टाकळीच्या शिपायांच्या वंशजांनीं दुसरा.

ती मान्यता मिळाली. कॅनिंगच्या कारकीर्दींत दत्तक कबूल झाला, आणि जानोजीला सातारा जिल्ह्यांतील देऊर येथील जमिनीसह राजाबहादुर ही पदवी देण्यांत आली. हुकूम मागाहून निघाले. बाकाबाई सप्टेंबर १८५८ मध्यें, दत्तकाचा निकाल लागण्यापूर्वींच, नागपुरांत वारल्या होत्या.